डास उडायच्या आधी गाठा

प्रश्न : घरात सात महिन्यांचं बाळ आहे म्हणून कॉइल आणि फवारे बंद केले. रोज कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करते, गॅलरीत गवती चहाच्या कुंड्या ठेवल्यात. तरी डास हटत नाहीत, भरदिवसा चावतात. रसायनाशिवाय काय करू? – एक वाचक

उत्तर : ताई, आधी ती धुरी थांबवा. पाल्याचा असला तरी धूर तो धूरच, आणि तो बाळाच्या छातीत जातो. गवती चहाचं झाड नुसतं शेजारी असल्याने डास पळत नाहीत. मला काळजी आहे ती कुंडीखालच्या ताटल्यांची.

दिवसा चावतो तो बहुधा एडिस, पायांवर पांढरे पट्टे असलेला, डेंग्यू पसरवणारा. हा गटारापेक्षा घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवून. बारीक काळे ठिपके, सहज दिसतही नाहीत. कोरडी पडली तरी ती कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून पाणी नुसतं ओतून भागत नाही, कड ब्रशने खसाखसा घासायला हवी. आणि हे दर आठवड्याला, कारण उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

आजवर मी असंख्य पिंपांत वाकून बॅटरी मारली आहे. झोत पडला की अळ्या वळवळत तळ गाठतात. तिथेच थांबा. थोड्या वेळाने त्या श्वासासाठी वर येतात आणि शेपटाकडची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून उलट्या लटकतात. फ्रिजमागचा ट्रेही असाच पाहा, तो हमखास राहून जातो.

रिकाम्या न होणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा, मात्र नदी-तळ्यात कधीही नको; तिथल्या मूळच्या माशांच्या ते मुळावर येतात. दुसरा उपाय बीटीआय या जिवाणूचा. 1976 मध्ये इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात तो सापडला. अळीने खाल्ला की तिचं आतडं फाटतं. माणसाला, माशाला त्रास नाही. कोष मात्र काही खात नाही, त्यामुळे तो वाचतो.

बाळाच्या अंगाला कापूर किंवा निलगिरीचं तेल लावू नका. साधी मच्छरदाणी उत्तम, दुपारच्या झोपेलाही.

ताटल्यांत अळ्या सापडल्या तर ते पाणी मोरीत टाकू नका, तुंबलेल्या मोरीत त्या जगतात. कोरड्या मातीवर ओता.