भावाला सारखा न्यूमोनिया होतो, टीबीचा कोर्स दोनदा झाला, आता ब्रॉन्किएक्टेसिस निघालाय. मूळ कारण काय असेल?

तुमच्या भावासारखीच माझी अकरा वर्षं गेली, म्हणून लिहिते. थुंकीत काही न सापडता दोनदा टीबीची औषधं, दर पावसाळ्यात न्यूमोनिया, शेवटी सीटी स्कॅनवर ब्रॉन्किएक्टेसिस, म्हणजे श्वासनलिका कायमच्या सैल, रुंद झालेल्या. रोज पहाटे पलंगाच्या कडेवरून अर्धं अंग खाली सोडायचं, आई पाठीवर थापट्या मारायची, हिरवट कफ वाटीभर पडायचा. मग दिवस सुरू.

कारण रक्तात होतं. माझं शरीर पुरेशा अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, बनवत नव्हतं. या आजाराला सीव्हीआयडी म्हणतात, कॉमन व्हेरिएबल इम्युनोडेफिशियन्सी. तो मोठेपणीही उघडा पडतो, त्यामुळे ‘लहानपणी तर ठणठणीत होता’ यावर जाऊ नका. अँटिबॉडी कमी पडल्या की न्यूमोकोकससारखे न्यूमोनियाचे जंतू पुन्हा पुन्हा येतात, दर वेळी श्वासनलिका थोड्या सैलावतात, त्यांत कफ साचतो आणि कफात परत जंतू वाढतात.

माझ्या जिवाला अजून लागतं ते हे, की खूण माझ्याच फायलीत होती. टीबीच्या गोळ्या चालू असताना लिव्हरच्या तपासण्या करतात, त्यात ग्लोब्युलिन या रक्तातल्या प्रथिनांचा आकडा असतो. माझा दर वेळी १.४, १.५. शेजारीच छापलेलं, २ ते ३.५ हवं. सगळ्यांनी एसजीपीटी पाहिला आणि कागद मिटला. ग्लोब्युलिनमध्ये अँटिबॉडींचा वाटा मोठा असतो हो! आजच भावाची जुनी फाइल काढा.

तो आकडा ठीक निघाला तरी छातीच्या डॉक्टरांना आयजीजी, आयजीए, आयजीएम हे अँटिबॉडींचे प्रकार तपासायचे का, असं विचारा. साधी रक्ताची तपासणी आहे. माझा आयजीजी १६० आला, ७०० च्या वर हवा होता. आपल्याकडे ब्रॉन्किएक्टेसिसमागे बऱ्याचदा जुना टीबीच असतो, त्यामुळे भावाचं असंच निघेल असं मी म्हणत नाही.

मला आता दर तीन आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे बाहेरून तयार अँटिबॉडी, शिरेतून देतात. बाटली फ्रिजमधून काढून आधी बाहेर ठेवतात, हलवत नाहीत, फेस होतो. खर्च खूप आहे. बिघडलेला भाग भरून आला नाही, पहाटेचा कफही सुटला नाही. पण चार वर्षांत न्यूमोनियासाठी ॲडमिट व्हावं लागलेलं नाही.

एक लक्षात ठेवा, अँटिबॉडींची तपासणी इम्युनोग्लोब्युलिन सुरू व्हायच्या आधीच करून घ्या. नंतर बाहेरून दिलेल्या अँटिबॉडीच रिपोर्टमध्ये दिसतात.