'राजाची जमीन' की 'राजपदाची'?

प्रश्न असा आहे: ब्रिटनमधल्या 'क्राऊन इस्टेट'च्या बातम्यांत मराठीत कधी 'राजाच्या जमिनी' लिहिलेलं दिसतं, तर कधी 'राजघराण्याची मालमत्ता'. यांतलं बरोबर काय? आणि 'डची ऑफ कॉर्नवॉल'ला, म्हणजे ब्रिटिश युवराजाच्या जहागिरीला, मराठीत काय म्हणावं?

क्राऊन इस्टेटसाठी या दोन्हींतलं काहीच चालणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. 'राजाची जमीन' म्हटलं की मराठी वाचक सातबाऱ्यावर राजाचं नाव आहे असंच समजणार. क्राऊन इस्टेटकडे इंग्लंड-वेल्समधली पावणेदोन लाख एकरांच्या वर ग्रामीण जमीन आहे. शिवाय लंडनची रीजंट स्ट्रीट आहे आणि किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्रतळ आहे. पण राजा चार्ल्स यांतलं काहीही विकू शकत नाहीत. कारभार आयुक्तांचं मंडळ पाहतं आणि नफा सरकारी खजिन्यात जातो. १७६० साली तिसऱ्या जॉर्जने हे उत्पन्न सोडून दिलं आणि बदल्यात ठरावीक नेमणूक घेतली, तेव्हापासून हे चालत आलं आहे. ही मालमत्ता घराण्याची नाही, माणसाचीही नाही. जो गादीवर असेल त्याच्या पदाला ती चिकटलेली आहे. म्हणून 'राजपदाची मालमत्ता' म्हणा. 'पद' हा एक शब्द घातला की अर्धा घोळ मिटतो.

अर्धाच, कारण फायदा राजालाही होतो. २०१२ पासून राजघराण्याचं सरकारी अनुदान या नफ्याच्या टक्केवारीने ठरतं. आधी १५ टक्के होतं, मग २५, आणि २०२४-२५ पासून १२. टक्का निम्म्याहून खाली आला तरी अनुदान २०२५-२६ मध्ये ८ कोटी ६३ लाख पौंडांवरून १३ कोटी २१ लाखांवर गेलं. त्यामागे शेतीचा खंड नाही. समुद्रात पवनचक्क्या उभारायला कंपन्यांनी जागा अडवण्यापोटी जे पैसे भरले, त्यांनी नफा १ अब्ज १० कोटींपर्यंत फुगला होता.

आता डचीकडे येऊ. इथे नवा शब्द घडवायची गरज नाही, आपल्या दप्तरांत तो केव्हाचा आहे. होळकरशाहीत 'दौलत' आणि 'खासगी' अशा दोन वेगळ्या बाजू होत्या. दौलतीतून फौज आणि राज्यकारभार चालायचा. खासगी जहागीर पेशव्यांकडून मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंना मिळाली आणि पुढे अहिल्याबाईंकडे आली. देशभरचे घाट, देवळं, धर्मशाळा यांमागे ही खासगी उभी होती. बडोद्यात याच अर्थाने 'खानगी खातं' होतं आणि त्यावर खानगी कारभारी असे. डची ऑफ कॉर्नवॉल म्हणजे नेमकी ही खासगी आहे. तिसऱ्या एडवर्डने १३३७ साली थोरल्या मुलाच्या पोटापाण्यासाठी ती वेगळी काढली. आज सुमारे १ लाख ३० हजार एकर जमीन तिच्याकडे आहे आणि उत्पन्न युवराज विल्यम यांना मिळतं. २०२३-२४ चं वर्षाचं शिल्लक उत्पन्न २ कोटी ३६ लाख पौंड होतं. राजाची खासगी म्हणजे डची ऑफ लँकेस्टर. ती जमिनीने लहान, ४५ हजार एकरांच्या आसपास, पण त्या वर्षी तिने २ कोटी ७४ लाख दिले. दोन्ही डची कंपनीकर भरत नाहीत. प्राप्तिकर राजा आणि युवराज स्वेच्छेने भरतात, तेही १९९३ पासून.

एक अडचण मात्र आहे. आजच्या मराठीत 'खासगी' हे विशेषण झालंय: खासगी शाळा, खासगी गाडी. जुन्या कागदांत ते नाम आहे. म्हणून विभक्ती जपावी लागते. 'खासगी जमीन' लिहिलंत तर ती कोणाही गृहस्थाची झाली. 'खासगीकडची जमीन' लिहा, म्हणजे ती गादीच्या घरखर्चासाठी राखलेली, उपभोगायची पण विकून खायची नाही, अशी झाली. राजाच्या सँडरिंगहॅम आणि बाल्मोरल या निवासस्थानांना मात्र सरळ 'खासगी' म्हणायला हरकत नाही. ती घराण्याने एकोणिसाव्या शतकात पैसे मोजून घेतलेली आहेत.

'खालसा' हा शब्द काहींनी सुचवलाय. मूळ अर्थाने तो चपखल आहे: खालिस, म्हणजे निर्भेळ, मधे जहागीरदार नसलेली, जिचा वसूल थेट खजिन्यात येतो ती जमीन. पण १८४८ मध्ये सातारा खालसा झाल्यापासून या शब्दाला जप्तीचा वास आहे. तो आता जात नाही.

बेवारस मालमत्तेच्या बातमीत 'सरकारजमा' लिहितानाही थांबून बघा. इंग्लंडात वारस आणि मृत्युपत्र दोन्ही नसताना कोणी गेलं, तर मालमत्ता सरकारजमा होते. पण माणूस कॉर्नवॉलचा रहिवासी असला तर ती युवराजांच्या डचीत जाते, आणि लँकेस्टरच्या जुन्या हद्दीतला असला तर राजाच्या डचीत. दोन्ही डची खर्च वजा जाता हा पैसा धर्मादायाला देतात, पण तिथे 'खासगीजमा' हाच शब्द खरा.

सगळ्यात जपून वापरायचे शब्द जमिनीवरच्या माणसांचे. डची ऑफ कॉर्नवॉलची जवळपास निम्मी जमीन डार्टमूरच्या माळावर आहे. तिथल्या मेंढ्या आणि तट्टं पाहून 'गायरान' लिहावंसं वाटतं. पण ते गायरान नाही. माती डचीची आहे आणि आसपासच्या शेतकऱ्यांना तिच्यावर परंपरागत चराईचा हक्क आहे. त्याच माळावर प्रिन्सटाउनचा तुरुंग आहे. तो डचीने सरकारला भाड्याने दिलाय. रेडॉन या किरणोत्सर्गी वायूमुळे २०२४ मध्ये तो रिकामा करावा लागला, तरी वर्षाला १५ लाख पौंडांचा भाडेकरार चालूच होता. हे भाडं करदाते भरतात आणि ते खासगीकडे जातं. 'राजाची जमीन' या शब्दांनी नेमकं हेच झाकलं जातं, म्हणून मी इतका आग्रह धरतोय.

शेवटचा शब्द 'कूळ'. डचीची जमीन कसणाऱ्याला मराठीत कूळ लिहू नका. कूळ म्हटलं की आपल्याला १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आणि 'कसेल त्याची जमीन' आठवते. डचीच्या शेतकऱ्याला तसा हक्क नाही. शेतीच काय, डचीच्याच स्किली बेटांवर दीर्घ भाडेपट्ट्याने घर घेतलेल्यालाही घराखालच्या जमिनीची मालकी मागता येत नाही, जी इंग्लंडात इतरत्र बहुतेकांना कायद्याने विकत घेता येते. त्यांच्यासाठी 'पट्टेदार' हा शब्द पुरेसा आहे.