नवीन सर, पहिल्या वर्षी एवढंच करा

सर, एनईपी २०२० (राष्ट्रीय शिक्षण धोरण) मधलं पोरांना कौशल्यं शिकवायचं वाचून टेन्शन घेऊ नका. पहिल्या वर्षी दोनच गोष्टी धरा, पोरांनी प्रश्न विचारणं आणि आपली चूक आपणच शोधणं. बाल आनंद मेळावा (शाळेत पोरं खाऊचे स्टॉल लावतात तो) घेता ना, त्यातच सगळं आलं बघा, भेळेला खर्च किती, प्लेट १० ला विकली तर उरतं काय, गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं, फक्त हिशोब पोरांनाच करू द्या (आमच्याकडे पहिल्यांदा पालकच गल्ल्यावर बसलेले!).

नवीन असताना हमखास होणाऱ्या चुका:
- गट पाडले की झालं असं वाटतं, पण एकच हुशार पोरगी राबते आणि बाकीचे बघत बसतात. कामं वाटून द्या, पुढच्या वेळी बदला.
- उत्तर लगेच सांगून टाकणं. १० सेकंद गप्प बसा, लय अवघड जातं.
- कौशल्य म्हणजे नवीन ॲप शिकवणं, असं समजणं. ॲप काय, उद्या बदलेल.

रुब्रिक (कशाला किती गुण द्यायचे याचा तक्ता), नोंदींचे तक्ते वगैरे दिवाळीनंतर बघू.