बॉयलर अटेंडंट वडिलांची शंका : मुलीनं कोळशावर प्रोजेक्ट घ्यावा का?

प्रश्न : मी वाळवा तालुक्यातल्या साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट आहे. मुलगी सांगलीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला तिनं ‘कोळशाचे गुणधर्म आणि औष्णिक केंद्रातल्या बॉयलरचं डिझाइन’ हा विषय धरलाय. बॉयलर एकदा उभा राहिला की कोळसा कुठलाही चालतो ना? एवढ्याशा विषयावर करिअर होतं का? त्यात सगळीकडे सोलर येतंय.

उत्तर : नमस्कार. अवकाळी पावसात बगॅस (उसाचा चोथा) भिजला की स्टीमचं प्रेशर कसं उतरतं, हे मी तुम्हाला काय सांगणार! कोळशात ओलाव्याच्या जोडीला राख, व्होलाटाइल (तापल्यावर वायू होऊन निघणारा, पटकन पेटणारा भाग), गंधक, राख वितळण्याचं तापमान असं बरंच काही एकदम सांभाळावं लागतं. डिझायनर आधी ते आकडे बघतो, मग बॉयलरचा आकार ठरवतो.

राखेचंच घ्या. आपल्या वीज केंद्रांना मिळणाऱ्या देशी कोळशात बहुधा ३० ते ४५ टक्के राख असते. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण लोडवर तासाला साधारण ३०० टन कोळसा खातो. ४० टक्के राख धरली तर तासाला १२० टन राख झाली! त्यातली बरीचशी धुराबरोबर उडते आणि इकॉनॉमायझरच्या (बॉयलरचं पाणी धुराच्या उष्णतेवर तापवणारा भाग) ट्यूबांवर आपटत जाते. तिच्यात कठीण सिलिका असते, आणि धुराचा वेग थोडा जरी वाढला तरी ट्यूबांची झीज कितीतरी पटींनी वाढते. म्हणून देशी कोळशाच्या बॉयलरमध्ये वेग मुद्दाम कमी ठेवतात. त्यासाठी मार्ग रुंद हवा, ट्यूबा एकमेकींपासून लांब हव्यात, मग अख्खा बॉयलरच ऐसपैस आणि महाग होतो. आपल्या कोळशात गंधक कमी, त्यामुळे एअर प्रीहीटर (भट्टीत जाणारी हवा धुरावर तापवणारा भाग) गंजायची भीती कमी. पण गंमत अशी की त्याच कारणानं राख ईएसपीत (धुरातली राख विजेच्या भारानं पकडणारं यंत्र) सहज पकडली जात नाही, आणि ईएसपी मोठा बांधावा लागतो.

तमिळनाडूतल्या नेयवेलीच्या लिग्नाइटमध्ये (तपकिरी कोळसा) राख थोडी, पण जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं. ते वाळवण्यात उष्णता जाते, धूर वाढतो, भट्टी मोठी लागते. काही कोळशांची राख लवकर वितळून भिंतींना चिकटते. तिथे धूर वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरपर्यंत पोचण्याआधी पुरेसा थंड व्हावा म्हणून भट्टीची उंची वाढवतात. तेव्हा कुठलाही कोळसा टाकला तरी चालतो, असं होत नाही.

सोलरची तुमची काळजी रास्त आहे. देशातली ७० टक्क्यांच्या आसपास वीज आजही कोळशावर होते, तरी पुढची तीस वर्षं फक्त कोळशाच्या भरवशावर काढा, असं मी कुणालाच सांगणार नाही. मात्र दुपारी सोलरची वीज भरपूर असते, तेव्हा कोळशाचे संच जवळपास निम्म्या लोडवर आणावे लागतात. एवढ्या कमी लोडला ज्योत टिकेल का, हे बरंचसं कोळशातल्या व्होलाटाइलवर ठरतं. म्हणजे सोलरमुळेच तिच्या विषयाला नवं काम मिळालंय. शिवाय इंधन बघून बॉयलर कसा आखायचा, हे ज्ञान बगॅसवरच्या सहवीज प्रकल्पातही तितकंच लागतं.

सांगली-साताऱ्यात कोळशाचं मोठं केंद्र नाही; आपल्याकडे वीज म्हटलं की कोयनाच. त्यामुळे घर सोडावं लागेल, हे आत्ताच मान्य करा. डिझाइनसाठी पुण्यात थरमॅक्स, तिरुचिरापल्लीला भेल, या बॉयलर बनवणाऱ्या कंपन्या. एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीत जायचं तर गेट या परीक्षेची तयारी लगेच सुरू करावी. नागपूरच्या एनपीटीआय या वीज प्रशिक्षण संस्थेतला वीज केंद्राचा पदव्युत्तर डिप्लोमाही चांगला.

गळीत हंगाम संपला की तुमचा बॉयलर उघडतो. तेव्हा परवानगी काढून तिला आत न्या, ट्यूबांची जाडी मोजतात ते दाखवा. पुढे बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा द्यायची असेल, तर त्याला अनुभवाची अट आहे. पहिली नोकरी घेताना बॉयलर हाउसचं अनुभवपत्र मिळेल का, हे तिला आधी विचारून घ्यायला सांगा.