यवतमाळच्या खेड्यातून बीएस्सी केलं. सरकारी विषशास्त्रज्ञ होता येईल का?

येईल की! एमएस्सी करा, नेट-जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवून देणारी राष्ट्रीय परीक्षा) काढा. मग लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेत पीएचडीचा मार्ग आहे.

पण खरी गंमत धोरणात. कोणतं कीटकनाशक विकू द्यायचं हे १९६८ च्या कायद्याखालची नोंदणी समिती ठरवते, तिच्यापुढे उंदरांवरच्या चाचण्यांचे आकडे येतात. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे उंदराच्या वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच विष पोटात जाऊन निम्मे उंदीर मेले. त्या पिंजऱ्यात डोक्याएवढी कपाशी नसते, गळका पंप नसतो, घामानं भिजलेला सदरा नसतो. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीनं वीसहून जास्त माणसं गेली. समितीत हे सांगायला कपाशीत चाललेला माणूस हवा. आपल्याकडे तर कीटकनाशकाला अजून ‘औषध’च म्हणतात.