पाण्याची बोंब चूक आहे का?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. एका विद्यार्थ्याने निबंधात ‘उन्हाळ्यात आमच्या गावात पाण्याची बोंब असते’ असे वाक्य लिहिले. सहकाऱ्यांच्या मते ‘बोंब’ हा शब्द ग्राम्य आहे आणि तो खोडून ‘टंचाई’ लिहायला हवे. आपले मत काय?

उत्तर : तो शब्द खोडू नये. विद्यार्थ्याने तो नेमक्या अर्थाने आणि नेमक्या जागी वापरला आहे.

बोंब म्हणजे नुसती मोठी ओरड नव्हे. पालथी मूठ तोंडावर मारत, आवाज तोडत तोडत काढलेली आरोळी म्हणजे बोंब. फाल्गुन पौर्णिमेला होळी पेटली की तिच्याभोवती फिरताना मुले अजूनही ती तशीच मारतात. हाताच्या आघाताने आवाज अडतो आणि पुन्हा फुटतो, त्यामुळे इतर गलक्यातही ती वेगळी ओळखू येते. शिष्ट मंडळींनी तिला ‘शंखध्वनी’ असे सोवळे नाव दिले. ‘शंख करणे’ हा वाक्प्रचार त्यातलाच.

होळीबाहेर बोंब ही संकटाची आणि गाऱ्हाण्याची खूण आहे. ज्याने गाऱ्हाणे ऐकले नाही, त्याच्या नावाने बोंब मारायची अशी रीत. तहसील कार्यालयापुढे आंदोलक आजही ‘बोंबाबोंब आंदोलन’ करतात, तेव्हा घोषणा थांबवून खरोखरच तोंडावर हात मारला जातो. ‘चोराच्या उलट्या बोंबा’ ही म्हणही याच रीतीवर उभी आहे. बोंब मारण्याचा हक्क लुटल्या गेलेल्याचा. चोरच ती मारू लागला, तर ती उलटी झाली.

आता आपल्या विद्यार्थ्याचे वाक्य पाहू. ‘अमक्याच्या नावाने बोंब’ म्हटले की तक्रार कोणाविरुद्ध आहे ते कळते. ‘पाण्याची बोंब’, ‘पगाराची बोंब’ असे षष्ठीचे रूप वापरले की कशावाचून अडले आहे ते कळते. शासकीय आराखड्यात ‘टंचाई’ हाच शब्द हवा, कारण तिथे किती पाणी कमी पडते याचा हिशेब मांडायचा असतो. पाणी कमी आहे आणि त्यापायी माणसे मेटाकुटीला येऊन ओरडत आहेत, हे दोन्ही एकदम सांगायचे असेल तर मात्र ‘टंचाई’ अपुरा पडतो. गावात राहणाऱ्या मुलाला नेमके तेच सांगायचे होते, असे मला वाटते.

सहकाऱ्यांचा आक्षेप ‘बोंबलणे’ या क्रियापदाबाबत असता, तर मी तो बराचसा मान्य केला असता. ‘बोंबलत फिरणे’, ‘सगळे काम बोंबलले’ ही रूपे बोलण्यात शोभतात; निबंधात ‘काम फसले’ असेच लिहावे.

वर्गात एक मर्यादा मात्र आवर्जून सांगावी : शोकासाठी बोंब हा शब्द वापरू नये. मुलगा गमावलेली आई बोंब मारत नाही, ती हंबरडा फोडते. आणि या शब्दात वासरासाठी हंबरणारी गाय ऐकू येते. भीतीने किंवा वेदनेने फुटते ती किंकाळी, कळवळून केलेल्या आक्रोशाला टाहो म्हणतात, आणि बांधावरून शेजाऱ्याला बोलवायचे असेल तर नुसती हाळी देतात.