गच्चीवरचा कॅमेरा : बुलबुलचं घरटं, काळा शिंजीर आणि लेन्सची बुरशी

या महिन्यात आलेले निम्मे प्रश्न 'कुठली लेन्स घेऊ' असेच होते, त्यातला एकच घेतलाय, बाकीच्यांनी तेच उत्तर आपलं समजावं. घरट्याच्या प्रश्नावर जरा जास्त लिहिलं गेलंय, पण तो दोन ओळीत उरकला असता तर मलाच चुटपुट लागली असती.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : दादा, माझ्याकडे कॅननचा जुना क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे लहान सेन्सरचा) डीएसएलआर आणि ५५-२५० मिमी लेन्स आहे. पक्षी फ्रेममध्ये ठिपक्याएवढाच येतो. १५०-६०० मिमीची मोठी लेन्स हप्त्यावर मिळतेय. मिस्टर म्हणतात आधी आहे त्यातनं काढून दाखव. कोण बरोबर?

ताई, राग मानू नका, पण मिस्टर बरोबर आहेत, निदान या हिवाळ्यापुरते तरी. क्रॉप सेन्सरवर तुमची २५० जवळपास ४०० सारखं दाखवते, घराजवळच्या पक्ष्यांना हे कमी नाहीये. अडचण अंतराची आहे. अंतर निम्मं झालं की पक्षी फ्रेममध्ये चौपट जागा घेतो आणि या गणिताला हप्ते नाहीत. १५०-६०० वाल्या लेन्सा दोन किलोच्या आसपास भरतात, ती गळ्यात अडकवून सकाळभर पक्षी पुढे आणि आपण मागे, असाच खेळ होतो. त्यापेक्षा एका जागी बसा. खरंच बसा, चटई टाकून. आमच्याकडे नाशिकला कॉलनीच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे, घाणेरी माजलेली, तिथे मी गेलो की पहिली दहा मिनिटं नुसता सन्नाटा, मग आधी शिंपी पक्षी ओरडायला लागतो, मग बुलबुल येतो, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी सातभाईंची आख्खी टोळी पाचोळा उडवत भांडत भांडत पार माझ्या बुटापर्यंत येते, तेव्हा २५० सुद्धा जास्त होते.

गाडी असेल तर गाडीतच बसा, इंजिन बंद करून. चालत येणाऱ्या माणसाला बघून उडणारा वेडा राघू गाडीकडे ढुंकूनही बघत नाही, नांदूरमध्यमेश्वरच्या रस्त्यावर मी असे कितीतरी फोटो खिडकीतनं काढलेत. खिडकीच्या काचेवर लेन्स टेकवायला जुन्या अभ्र्यात धान्य भरून पिशवी शिवा. तांदूळ भरू नका, माझ्या पहिल्या पिशवीला पावसाळ्यात सोंडे लागले आणि ते गाडीभर फिरत होते, घरी जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नको, शिंपी-नाचण असले चुळबुळे असतील तर १/१०००, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटोवर, १६०० गेला म्हणून घाबरू नका, दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही चालत. मार्चपर्यंत एवढं करा, तरी लेन्स हवीच वाटली तर घ्या, मिस्टरांना मी समजावतो.

प्रश्न (सोलापूर) : जास्वंदीवर रोज शिंजीर (सूर्यपक्षी) येतो. डोळ्यांना निळा-जांभळा झगझगीत दिसतो, फोटोत मात्र कोळशासारखा काळा. एडिटिंगमध्ये रंग वाढवले तरी काही होत नाही.

होणारच नाही, कारण फाईलमध्ये तो रंग आलेलाच नसतो. शिंजीराची ती झळाळी निळ्या रंगद्रव्याची नाही, पिसांच्या बारीक रचनेवरनं प्रकाश परततो त्याचा तो खेळ, मोराच्या मानेसारखाच. कोन जमला तर जांभळा, नाही जमला तर काळा. म्हणून ऊन तुमच्या पाठीमागून पाहिजे, सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान, आणि तो मान वळवत असताना सलग आठ-दहा फोटो घ्या, त्यातल्या एखाद्यातच गळा पेटलेला मिळेल. मागे आभाळ असेल तर कॅमेरा उजेडाला फसून पक्षी आणखी काळा करतो, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सेटिंग) प्लस एक. (बगळ्याला बरोबर उलटं, मायनस, नाहीतर पिसांच्या जागी नुसता पांढरा कागद दिसतो.)

अजून एक गंमत बघा. शिंजीर जास्वंदीच्या फुलात समोरून डोकं घालतच नाही, फूल मोठं, चोच पुरत नाही, म्हणून तो देठाशी बाजूनं भोक पाडून मध पितो, चोरच आहे. तेव्हा फुलाच्या तोंडावर फोकस लावून बसलात तर बसूनच राहाल, देठाच्या बाजूला लावा. आणि फेरी ठरलेली असते त्याची, त्याच झुडपावर थोड्या थोड्या वेळाने परत येतो, दोन दिवस घड्याळ लावून बघा. विणीचा हंगाम संपला की नराचा झगझगीत वेश उतरतो, खालून पिवळट आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळपट पट्टा उरतो, तेव्हा हा कुठला नवीन पक्षी म्हणून मला फोटो पाठवू नका, दरवर्षी पाठवतात.

प्रश्न (डोंबिवली) : बाल्कनीतल्या मनीप्लांटच्या कुंडीत बुलबुलने घरटं केलंय, तीन अंडी आहेत. मुलगा म्हणतो रोज एक फोटो काढून सिरीज करू. पानं मधे येतात, थोडी कापली तर चालतील का? आणि फ्लॅश?

पानं कापू नका. हे वाक्य मुलाला मोठ्याने वाचून दाखवा.

मी नवीन कॅमेरा घेतला त्या वर्षी आमच्या कुंपणाच्या मेंदीत लालबुड्या बुलबुलचं घरटं होतं. दोन पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेले, जरा पान हललं की माना वर करून चोची वासायची. मधे एक फांदी येत होती. फक्त एक. ती मी कापलीसुद्धा नाही, दोऱ्याने बाजूला ओढून बांधली, फोटो काढले, आणि संध्याकाळी सोडायची विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटं रिकामं. कावळा असेल, मांजर असेल, नाहीतर भारद्वाज, तो दिसला की आपण दिवस चांगला जाणार म्हणतो पण घरटी लुटण्यात तो एकदम पटाईत. बुलबुलची जोडी पुढचे दोन दिवस चोचीत अळी घेऊन त्याच मेंदीवर येत होती, इकडून तिकडे उड्या मारायची आणि अळी तशीच घेऊन परत जायची. फोटो हार्ड डिस्कवर आहेत अजून, मी कुणाला दाखवत नाही.

तुमच्या घरट्याला ते पान म्हणजे छप्पर पण आहे आणि पडदा पण. फ्लॅश नकोच, चमकलं की बसलेला पक्षी दचकून उठतो, परत यायला वेळ लावतो, तेवढ्यात अंडी गार पडतात किंवा उन्हात तापतात. पण सिरीज करूच नका असं मी म्हणत नाही, घरात बसून करा. खोलीतले दिवे बंद, पडदा ओढलेला, त्यात लेन्सपुरती फट, आणि तुम्ही फटीपासून हातभर मागे. बाहेर उजेड आणि आत अंधार असला की बुलबुलला आतलं दिसत नाही. शटरचा आवाज बंद करता येत असेल तर करा. दिवसातून दहा मिनिटं, एवढंच. पानाआडून अर्धाच पक्षी दिसतोय तर अर्धाच येऊ दे, तो फोटो खरा आहे.

अंडी फुटायला साधारण १२ ते १४ दिवस लागतात आणि पिल्लं उडायला पुढे जवळपास तेवढेच. बघण्यासारखं बरंच असतं त्यात, म्हणजे पिल्लाला भरवलं की लगेच ते मागे वळून शी करतं, ती पांढऱ्या पिशवीसारखी असते आणि आई किंवा बाप ती चोचीत उचलून लांब नेऊन टाकतात, घरटं स्वच्छ. हा फोटो मिळाला तर मुलाच्या शाळेत दाखवा, वर्ग दणाणून सोडेल. पिसं फुटली की मात्र लांबनंसुद्धा डोकावू नका, शेवटच्या दिवसांत पिल्लं घाबरली की उडता येत नसताना घरट्यातून उड्या टाकतात, आणि तुम्ही कितव्या मजल्यावर आहात ते तुम्ही लिहिलेलं नाही. बिनपिसांचं पिल्लू खाली पडलंच तर उचलून परत घरट्यात ठेवा, माणसाचा वास लागला की आई टाकून देते हे खोटं आहे. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं असेल तर मांजरापासून राखा आणि सोडून द्या, आईबाप खाली येऊन भरवतात.

कुंडीला पाणी कडेकडेनं घाला. कपडे महिनाभर दुसरीकडे वाळवा. फोटो पिल्लं उडून गेल्यावरच टाका, आणि स्पर्धेला पाठवायचा विचार असेल तर नियम वाचा, बऱ्याच ठिकाणी घरट्याचे फोटो घेतच नाहीत. आणि शेजारचे 'घाण करतात, काढून टाका' म्हणालेच तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं नाव काढा, माझ्या अनुभवात तेवढं पुरतं.

प्रश्न (सातारा) : एक दयाळ रोज सकाळी माझ्या गाडीच्या आरशाला चोची मारतो आणि घाण करून ठेवतो. फोटो छान मिळतात पण त्याला काही इजा होईल का?

त्याला आरशात दुसरा नर दिसतोय, त्याच्या हद्दीत घुसलेला, आणि तो काही केल्या हटत नाही. बिचारा दिवसभर भांडत बसतो, खाणं-पिणं सोडून. एक-दोन फोटो मिळाले ना, आता आरशांवर जुने मोजे चढवा. गाडी सोसायटीत विचित्र दिसेल, चालतंय.

प्रश्न (अमरावती) : उन्हाळ्यात दिवसभर कुठूनतरी टुक टुक टुक असा आवाज येतो, पक्षी काही दिसत नाही. आवाजाच्या दिशेने गेलं की दुसरीकडून येतो.

तांबट. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा ठोका, म्हणून तांबट. तो ओरडताना प्रत्येक टुकला डोकं इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज जागा बदलल्यासारखा वाटतो आणि आपण वेड्यासारखं झाडाभोवती प्रदक्षिणा घालतो. पानात शोधू नका, हिरवा आहे, सापडणार नाही. सकाळी कोवळ्या उन्हात तो झाडाच्या शेंड्याच्या सुक्या काटकीवर येऊन बसतो तिथे बघा, कपाळावर लाल टिळा, पिवळा गळा, मिशा, जाड चोच, ओरडताना तोंड बंद आणि गळा फुगलेला. नाहीतर सरळ उंबर किंवा वड पिकलाय का बघा आणि त्याखाली बसा. बीळ तो वाळलेल्या फांदीत कोरतो, आणि सोसायटीची मंडळी पावसाळ्याआधी नेमक्या त्याच फांद्या छाटतात, तेव्हा कुणाच्या डोक्यावर पडणार नाही अशी एखादी सुकी फांदी राहू द्या म्हणून मीटिंगमध्ये बोलून ठेवा.

प्रश्न (कोल्हापूर) : सर, मी सेकंड इयरला आहे. आमच्या ग्रुपमधले सीनियर मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावतात, पक्षी लगेच समोर येतो. मी पण करावं का?

नको रे. तो तुला बघायला येत नाही, हद्दीत दुसरा नर घुसला म्हणून चवताळून येतो, घरटं, अंडी, खाणं सोडून. पुन्हा पुन्हा लावलं की शक्ती वाया जाते त्याची. आवाज शिकायचेच तर मर्लिन ॲप टाक, ते ऐकून पक्षी ओळखतं, पण त्यातले आवाज शिकायचे ते हेडफोन लावून. सीनियरना तू सांगू नकोस, हा अंक दे.

प्रश्न (चिपळूण) : लेन्स दोन पावसाळे कपाटात होती, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय. घरी उघडून पुसता येईल का? पुढे काय काळजी घ्यावी?

ती बुरशी. घरी उघडू नका, स्क्रू उघडतात, परत बसत नाहीत, अनुभवाचे बोल. चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे लवकर द्या, जास्त दिवस राहिली तर काचेवरचं कोटिंग खाते आणि मग पुसूनही डाग राहतो. पुढच्यासाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. निळं जेल गुलाबी झालं की दमट झालं समजा, मंद आचेवर परत निळं होईपर्यंत गरम करा, पण त्यासाठी जुना तवा वेगळा काढा, पोळीचा नको. तांदळात ठेवू नका, भुकटी आत जाते. डांबरगोळ्या तर मुळीच नकोत. आणि चामड्याच्या कव्हरमध्ये घालून ठेवलेली असेल तर बुरशीला घरच बांधून दिलंत. सगळ्यात सोपं म्हणजे कोकणात पावसाळ्यातसुद्धा कॅमेरा वापरत राहा, सुगरण पक्षी तेव्हाच घरटी विणतात, नर अर्धवट घरटं करून पंख फडफडवत मादीला बोलावतो आणि तिला पसंत पडलं तरच पुढचं काम. विहिरीवरच्या एखाद्या झाडाला दहा-वीस घरटी लटकलेली असतात, छत्री लांब उभी करा आणि बसा.

प्रश्न (मिरज) : वय ७१, गुडघे बदलून झालेत. नातीनं तिचा जुना मोबाईल दिलाय. त्यावर पक्ष्यांचे फोटो निघतील का, की हा हट्ट सोडून देऊ?

आजी, सोडू नका. मोबाईलला लांबचं जमत नाही, मग पक्ष्यालाच मोबाईलजवळ बोलवायचं. गच्चीत किंवा अंगणात सावलीला मातीचं पसरट भांडं ठेवा, पाणी दोन बोटं, मधे एक दगड, जवळ एखादी फांदी उतरायला. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात. आठवडाभर मोबाईल नकोच. मग भांड्यापासून दोन हातांवर एक रिकामं खोकं ठेवायला लागा, पक्ष्यांना त्याची सवय झाली की एक दिवस खोक्याच्या जागी मोबाईल टेकवून व्हिडिओ चालू करायचा आणि आत येऊन चहा घ्यायचा. नंतर नातीकडून व्हिडिओतलं एकेक चित्र थांबवून काढून घ्या. पहिले चार-पाच दिवस कोणी फिरकणार नाही, मग साळुंक्या येतील, आंघोळ करून सगळं पाणी उडवून टाकतील आणि मोबाईलच्या काचेवर शिंतोडे, तेव्हा शेजारी फडकं ठेवा.